साखळी आधी सोडा, मोहोळाचं मग बघू

पत्र: आमचं घर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागे नारळी-पोफळीचं आगर, कडेला विहीर आणि सासऱ्यांच्या वेळचा चिऱ्याचा मांगर, म्हणजे सामान ठेवायची खोपी. त्या मांगराच्या जोत्यात एक फट आहे. दिवाळीपासून तिच्यातून मधमाश्यांची जा-ये सुरू आहे. घरात दोन कुत्रे. मोती गावठी, आठ वर्षांचा. सुटला की शेजारच्यांच्या कोंबड्यांमागे लागतो म्हणून दिवसभर मांगराच्या खांबाला बांधलेला असतो. दुसरा ब्रूनो, काळा लॅब्रॅडॉर, सात महिन्यांचा. मुलाने ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हौसेने आणला आणि आता आमच्या गळ्यात घातला. गेल्या पंधरवड्यात ब्रूनोला दोनदा माशी चावली. दुसऱ्या वेळी तोंड असं सुजलं की ओळखू येईना. शेजारचे अण्णा म्हणतात, रात्री रॉकेलचा बोळा पेटवून आत घाला आणि मोकळ्या व्हा. आमचे हे म्हणतात, फटीवर सिमेंट थापू. सासूबाई म्हणतात, मोहोळ आपणहून आलंय, कुणी हात लावायचा नाही. शिवाय मागच्या कलमावर उंच एक मोठं पोळं लोंबतंय, आणि न्हाणीच्या पत्र्याखालीही छोटंसं काहीतरी झालंय. मी कुणाचं ऐकू? की कुत्रेच कुणाला देऊन टाकू?

उत्तर:

वहिनी, कुत्रे कुणाला देऊ नका, आणि सिमेंटचं घमेलं सध्या तरी खाली ठेवायला सांगा. घरात सगळ्यांचा वाद मोहोळावरून चाललाय. मला मात्र तुमच्या पत्रात खटकलं ते मोतीबद्दलचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ज्या मांगराच्या जोत्यात माश्यांचं घर, त्याच मांगराच्या खांबाला मोती दिवसभर बांधलेला. आज दिवेलागणीच्या आत त्याला तिथून हलवा. हे उत्तर वाचून संपायची वाटही बघू नका.

का ते सांगतो. मधमाशी घरापासून लांब असते तेव्हा भांडायच्या भानगडीत पडत नाही. फुलावर, पाण्यावर, ओल्या मातीवर बसलेली माशी आपल्या कामात असते. तिला चिरडलं, पायाखाली घेतलं, तोंडात पकडलं तरच ती डंख मारते, आणि त्या डंखापायी स्वतः मरते. ब्रूनोचं झालं ते एवढंच. लॅब्रॅडॉरचं पिल्लू, हलेल ते तोंडात घेणार.

घराच्या दाराशी मात्र तीच माशी वेगळी वागते. तिथे पहारेकरी माश्या असतात. जमिनीला बसणारे हादरे, गडद रंग, केसाळ अंग, जवळून येणारा उष्ण श्वास, ही सगळी त्यांच्या लेखी चोराची लक्षणं. एकीने डंख मारला की नांगीपाशी एक वास सुटतो, पिकल्या केळ्याच्या वासाशी मिळताजुळता. तो बाकीच्यांना बोलावणं असतो. पुढच्या माश्या त्याच वासावर येतात आणि बहुतेक वेळा नाक, डोळे, कान गाठतात.

सुटा कुत्रा पहिल्या एकदोन डंखांतच शेपूट घालून घराकडे धूम ठोकतो. बांधलेला कुत्रा साखळी ताणतो, उड्या मारतो, भुंकतो, खांब हादरवतो. म्हणजे माश्यांना ज्या ज्या गोष्टीने चेव येतो ती प्रत्येक गोष्ट तो जिवाच्या आकांताने करत राहतो, आणि त्यांच्या दारापासून चार हातांपलीकडे जाऊ मात्र शकत नाही. पशुवैद्यक ढोबळमानाने वजनाच्या किलोमागे २० डंख हा जिवावर बेतणारा आकडा धरतात. मोती १८ किलोचा धरला तर ३६० डंख. आकडा मोठा वाटेल, पण एका वसाहतीत हजारो माश्या असतात आणि पळता न येणाऱ्या जनावरावर तो भरायला वेळ लागत नाही. विषाची ॲलर्जी असेल तर गणितच नको, एक डंखही पुरतो.

तेव्हा मोतीची जागा घराच्या पुढच्या अंगाला, पडवीच्या कडेला करा. कोंबड्यांची अडचण मला कळते. ती सोडवायची तर दोन भक्कम खांबांमध्ये डोक्याच्या उंचीवर जाड तार ताणा आणि साखळीची कडी तिच्यावर सरकती ठेवा, म्हणजे त्याला फिरायला ऐसपैस मिळेल. साखळीचं एक टोक पडवीच्या आतपर्यंत पोचलं पाहिजे, ही अट. आणि हुक बघा. कोकणात घरोघर साखळी पट्ट्याला तारेने पिळून घट्ट केलेली दिसते, पक्कड आणल्याशिवाय सुटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात अंगठ्याने दाबून उघडणारा हुक मिळतो. तो लावा आणि सासूबाईंसकट सगळ्यांनी एकदोनदा उघडून बघा. प्रसंग आलाच तर तो उघडायला दोन सेकंद मिळतील, फार तर.

जमलं तर मोतीला बांधणंच कमी करा. शेजाऱ्यांच्या कोंबड्यांसाठी गडग्यावर एक हात उंचीची जाळी लावायचा खर्च अर्धा तुम्ही केलात तर अण्णाही विरघळतील. (कोंबड्या अण्णांच्याच ना? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वास आला.)

आता ब्रूनोचं. त्याला माशी कुठे चावली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन्ही वेळा तो पाण्याच्या भांड्यापाशी होता असा माझा अंदाज आहे. हे दिवसच तसे आहेत. माघ सरला की उन्हं तापतात. माश्यांना पाणी पिण्यापेक्षाही पोळं गार ठेवायला लागतं. पाण्याचे थेंब त्या पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यांना स्वच्छ वाहत्या पाण्यापेक्षा साचलेलं, कोमट, शेवाळाचा वास असलेलं पाणी जास्त आवडतं, आणि किंचित खारट असेल तर फारच. मागच्या दारी दोन दिवस न धुतलेलं, कुत्र्याची लाळ पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं ह्या सगळ्या कसोट्यांना उतरतं. दुपारी बारा-एकच्या सुमाराला जाऊन बघा. पातेल्याच्या काठावर माश्या ओळीने बसून पाणी ओढत असतील, दोनचार आत पडून फडफडत असतील. ब्रूनो येतो, काय फडफडतंय म्हणून जीभ घालतो.

नुसतं पातेलं हलवलंत तर माश्या ते शोधत भिरभिरतील, कारण पाण्याची जागा त्या पक्की लक्षात ठेवतात. म्हणून आधी त्यांची सोय करा. मांगराच्या पलीकडे, कुत्रे जात नाहीत अशा उन्हातल्या जागी एक पसरट परात ठेवा. तिच्यात चिऱ्याचे तुकडे आणि नारळाची दोनचार सोडणं, म्हणजे सालं, टाका, म्हणजे बसायला जागा होईल आणि माश्या बुडणार नाहीत. पाणी सोडणांच्या अर्ध्यापर्यंतच. पहिले काही दिवस चिमूटभर मीठ घाला. परात एकदाही कोरडी पडू देऊ नका, पडली की पुन्हा कुत्र्याचं पातेलं. माश्यांची रांग परातीवर लागलेली दिसली की मगच कुत्र्यांचं पाणी पडवीत सावलीला न्या आणि रोज सकाळी घासून ताजं भरा. विहिरीजवळची डोण, कपडे धुवायच्या दगडापाशी साचणारं डबकं हेही त्याच वेळी कोरडं करा. चार-आठ दिवसांत फरक दिसेल.

ब्रूनोला ‘सोड’ हा शब्दही शिकवा. मुठीत बिस्किट धरायचं, तो हुंगत-चाटत राहील. त्याने तोंड मागे घेतलं की ‘सोड’ म्हणून दुसऱ्या हातातलं द्यायचं. आठवडाभर रोज थोडा वेळ केलंत तर उडत्या किड्यासमोरही लागू पडतं. मुलाला व्हिडिओ कॉलवर हे काम द्यायला हरकत नाही, कुत्रा त्याचाच आहे.

आता तुमच्या तीन पोळ्यांकडे येतो. तुम्ही एकाच दमात तिन्ही लिहिलीत, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

जोत्यातली माशी बहुधा सातेरी. अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत, भिंतीत, उपड्या मडक्यात एकाखाली एक नव्हे तर शेजारी शेजारी समांतर पोळी बांधणारी हीच. पेटीत पाळली जाणारी आपली देशी माशीही हीच. खात्री करायची तर सकाळी आठ-नऊच्या सुमाराला फटीपासून दहा-बारा पावलांवर, बाजूला उभ्या राहा. समोर नको, समोर त्यांचा रस्ता असतो. लहानशा, काळपट पट्ट्यांच्या माश्या परत येताना मागच्या पायांवर पिवळे, केशरी गोळे घेऊन येताना दिसतील. ते पराग. पराग येतोय म्हणजे आत पिल्लं वाढताहेत, वसाहत जोमात आहे. फटीच्या तोंडाशी मेणा-डिंकाची बारीक नळी दिसली आणि माश्या मुंगीपेक्षा जेमतेम मोठ्या असल्या तर ती पोयाची माशी. तिला नांगी नसते, मग हा सगळा प्रपंच सोडून द्या.

सातेरी असेल तर अण्णांचा रॉकेलचा बोळा आणि यजमानांचं सिमेंट, दोन्ही चुकीची. बोळ्याचं आधी. मांगरात वाळकी शेंड्या-सोडणं, झावळ्या, कदाचित गवत भरलेलं असणार. त्याच्या पायथ्याशी रात्री रॉकेल पेटवायचं म्हणजे मधमाश्यांच्या निमित्ताने मांगर द्यायचा. समजा आग नाही लागली, माश्या मेल्या. मग आतली पोळी, मध, मेलेली पिल्लं तिथेच कुजतात. मुंग्या येतात, मेणकिडा येतो, वास सुटतो, आणि त्या वासावर तुमचा ब्रूनो जोतं उकरून रॉकेल लागलेलं मेण खातो. किडे मारायचा स्प्रे वापरलात तरी हीच गत, रॉकेलच्या जागी विष. त्यातून जुन्या मेणाचा वास दुसऱ्या वसाहतीच्या टेहळणी करणाऱ्या माश्यांना बोलावतो. पुढच्या मोसमात त्याच फटीत नवं बिऱ्हाड येतं.

सिमेंटने माश्या कोंडल्या जातात हे खरं, पण चिऱ्याच्या जुन्या बांधकामात एकच फट कधी असते? त्या दुसरी वाट काढतात. तुमच्या नशिबाने ती मांगराच्या आत निघाली तर नारळ सोलायला बसणाऱ्या गड्याच्या डोक्यावर मोहोळ उठेल. फट बुजवायचीच, पण वसाहत बाहेर काढल्यानंतर, आतलं मेण खरवडून.

सासूबाईंचं अर्धं पटतं. ह्याच माश्या तुमच्या माडांच्या पोयीवर (फुलोऱ्यावर), काजूच्या मोहोरावर, पडवळ-दुधीच्या वेलांवर काम करतात. माडाला बाराही महिने पोय येते म्हणून आगरात माशीला कायम काहीतरी मिळतं, आणि म्हणूनच ती तुमच्याकडे टिकून आहे. पण हात लावायचाच नाही म्हटलं तर कुत्र्यांचं काय? इथे एक मधला मार्ग आहे. बरीच घरं तो वर्षानुवर्षं वापरतात.

फटीच्या समोर, दोनतीन हातांवर, पुरुषभर उंचीचा झाप उभा करा. नारळाच्या झावळ्यांचा विणलेला, पावसाळ्यात पडवीला लावतो तोच. माश्यांना तो ओलांडायला वर चढून जावं लागतं, आणि एकदा वर गेल्या की त्या त्याच उंचीवरून पुढे निघून जातात. आज त्या कमरेच्या उंचीवरून, म्हणजे कुत्र्याच्या तोंडासमोरून जाताहेत. झाप लावायचा तो अंधार पडल्यावर, जा-ये थांबल्यावर, खुंट्या न ठोकता, कारण ठोकण्याचे हादरे थेट आत पोचतात. दगडांच्या आधाराने उभा करा. मग मांगराच्या त्या कोपऱ्याभोवती पंधरा-वीस फुटांचं कुंपण करा, पोफळीच्या चिपांचं चालेल, फक्त ब्रूनो खालून उकरून जाणार नाही असं. आणि त्या भागात पेट्रोलचं ग्रासकटर चालवायचं नाही. पावसाळा संपल्यावर आगर साफ करताना कोकणात माश्या उठल्याच्या घटना होतात, त्यांत ह्या यंत्राचा आवाज आणि थरथर हे नेहमीचं कारण. तेवढा तुकडा विळ्याने, भल्या पहाटे कापा. कुत्रे त्या वेळी घरात.

कायमचा उपाय हवा असेल तर वसाहत पेटीत घालून हलवता येते. हे काम जाणत्या मधपाळाचं, तुमचं किंवा यूट्यूबवर पाहून आलेल्या पुतण्याचं नाही. तो संध्याकाळी येतो, हलका धूर देतो, एखादा चिरा सैल करतो, पोळी एकेक कापून लाकडी चौकटींना दोऱ्याने बांधतो आणि राणी शोधतो. राणी पेटीत गेली की बाकीच्या मागोमाग आत शिरतात. अंधार पडला की पेटीचं दार बंद करून तो ती घेऊन जातो किंवा तुम्हाला हवी तर आगराच्या पार टोकाला ठेवून देतो. पेटी ठेवलीत तर तिच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत, नाहीतर मुंग्या लागून सातेरी पेटी सोडून जाते, आणि ती ह्या बाबतीत भारी तडकाफडकी निर्णय घेते. हलवल्यानंतर एकदोन दिवस मागे राहिलेल्या माश्या त्या जागी घुटमळतात, चिडलेल्याही असतात. तेवढे दिवस दोन्ही कुत्रे पुढच्या अंगणात.

मधपाळ कुठे मिळेल? रत्नागिरीला जिल्हा ग्रामोद्योग कार्यालय आहे, राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं. ह्याच मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि शेजारच्या मांघरला २०२२ मध्ये त्यांनी ‘मधाचं गाव’ केलं. माश्या हाताळणारी माणसं त्यांच्या ओळखीची असतात. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभागातही विचारा. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून हेच काम करते, तिथे शिकलेलं कुणी तुमच्या तालुक्यात निघेलही. वेळ मात्र सांभाळा. आत्ता काजू-आंब्याचा मोहोर आहे, माश्यांना खायला भरपूर आहे, नवीन जागी तग धरतात. जूनच्या तोंडावर काढलंत तर पावसात फुलं नाहीत, उडायला उघडीप नाही, वसाहत उपाशी मरते. मेच्या आधी उरकणार नसेल तर झाप आणि कुंपणावर दिवाळीपर्यंत निभावून न्या.

कलमावरचं मोठं पोळं म्हणजे आग्या. एकच भलंमोठं पोळं, उघड्यावर लोंबतं, त्याच्यावर माश्यांचा जाड थर. लांबून बघितलंत तर त्या थरावरून मधूनच एक सरसर लाट गेल्यासारखी दिसते. घार किंवा गांधीलमाशी जवळ आली की त्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात, त्याची ती लाट. हिच्याशी मात्र चेष्टा नको. सातेरी दारापुरती भांडते, आग्या शंभर मीटरही पाठलाग करते. उतरवायला कुणी ‘चारशे रुपयात करतो’ म्हणत आलं तर हात जोडा. काहीही करायचं नाही, हाच उपाय. आग्या मोसमी पाहुणी आहे, बहुधा पावसाच्या तोंडावर आपणहून निघून जाते. तोवर त्या कलमाखाली कुत्रे बांधणं नाही, मुलांचं दगड मारणं नाही आणि पालापाचोळा जाळणं नाही. तुमच्याकडे दाढ (भाताच्या रोपांची जागा) भाजायचे दिवस जवळ येताहेत, धूर त्या कलमाच्या दिशेने जाणार नाही एवढं बघा. शिमग्याला पालखी अंगणात येईल तेव्हा फटाक्यांची माळ मागच्या बाजूला लावू नका, गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवा. पालखी नाचवणारे ऐकतात, फटाके आणणारे पोरगे ऐकत नाहीत. कलमावर मोहोराची फवारणी करायची असेल तर ते झाड ह्या खेपेला सोडून द्या. बाकीच्या कलमांवर फवारायचं ते माश्या घरी गेल्यावर, आणि पंप धुतलेलं पाणी कुत्र्यांना लागेल असं ओतू नका.

आग्याची आणखी एक खोड आहे. ती चांदण्या रात्रीही उडते आणि दिव्याकडे येते. मागच्या पडवीतली ट्यूब रात्रभर चालू असेल तर सकाळी तिच्याखाली पाचपन्नास अर्धमेल्या माश्या सरपटत असतात. कुत्रा सवयीने तिथेच अंग टाकतो आणि पंजाला किंवा ओठाला डंख बसतो. ट्यूब संध्याकाळी लौकर घालवा, अगदीच लागणार असेल तर मंद पिवळा बल्ब लावा, आणि सकाळी कुत्रे सोडायच्या आधी केरसुणी फिरवा.

माश्या उठल्याच तर दार उघडून कुत्र्याला नावाने हाका मारत घरात घ्या आणि दारं-खिडक्या लावा. बांधलेला असेल तर हुक उघडायला जाण्याआधी अंगावर जाड चादर किंवा घोंगडी घ्या, डोकं झाकून. आग्या उठली असेल आणि तुमच्याकडे अंग झाकायला काही नसेल तर जाऊ नका, हे वाचायला कठोर वाटलं तरी. विहिरीत उडी मारायचा सल्ला लोक देतात. माश्या वर घोंगावत थांबतात आणि श्वासाला तोंड बाहेर काढलं की तिथे बसतात, त्यामुळे तो विसरा. कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या माश्या न्हाणीत पाण्याच्या जोरदार धारेने काढा.

मग डंख शोधा. मधमाशीची नांगी अंगात राहते. केस मागे सारले की काळा ठिपका आणि त्याच्या टोकाला पांढुरकी इवलीशी पिशवी दिसते. माशी गेली तरी ती पिशवी आखडत-प्रसरत विष ढकलत असते. नखाने, एटीएम कार्डाने, हाताला लागेल त्याने ओढून किंवा खरवडून ताबडतोब काढा. कशी काढली ह्यापेक्षा किती लवकर काढली ह्याला महत्त्व आहे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा. चुना, तंबाखू, कांदा ह्यांतलं काही नको. माणूस लावलेलं लेप चाटत नाही, कुत्रा चाटतो. चुन्याने जीभ भाजते, तंबाखू आणि कांदा पोटात जाणं कुत्र्याला विषासारखंच. आपल्या डब्यातल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनच्या गोळ्याही बिलकुल नाहीत.

एकदोन डंखांची तोंडसूज बहुधा दिवसभरात उतरते. पण ब्रूनोला दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त सूज आली, हे डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा. शरीर विषाला जास्त चिडू लागलं असेल तर तिसरी खेप आणखी जड जाऊ शकते. त्यांच्याकडून ॲलर्जीच्या गोळीचं नाव आणि त्याच्या वजनाप्रमाणे मात्रा आत्ताच लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर लावा. डंखानंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी, पातळ शौच, हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप, अंगावर गांधी, पाय लटपटून खाली बसणं ह्यांतलं काहीही दिसलं तर गोळीत वेळ घालवू नका. जिभेला किंवा घशाला डंख बसला असेल तरीही. गाडी काढायची, वाटेत फोन करायचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या वेळा आणि चिपळूणमधल्या एका खाजगी डॉक्टरांचा नंबर आजच घेऊन ठेवा, कारण गुहागरहून चिपळूण म्हणजे तास-सव्वा तास. डंख खूप असले आणि कुत्रा त्या दिवशी ठीक दिसला तरी पुढचे दोनतीन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. ती लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली तर मूत्रपिंडावर ताण आलाय, पुन्हा दवाखाना.

राहता राहिलं न्हाणीच्या पत्र्याखालचं ‘छोटंसं काहीतरी’. जागेवरून ती गांधीलमाशी वाटते. तिची खूण: कागदासारखं राखाडी पोळं, खालून उघडी भोकं, बारीक कंबरेच्या तांबूस-पिवळ्या माश्या. हिची नांगी तुटत नाही, एकटी चारदा चावू शकते, आणि न्हाणीत रोजचं येणं-जाणं आहे. पोळं वाटीएवढं असेल आणि गांधीलच असेल तर रात्री यजमानांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि चष्मा घालून साबणाच्या पाण्याचा जोरदार फवारा मारायला सांगा, सिमेंटचा उत्साह तिथे वापरू देत. मातीची लहान मडकी चिकटवलेली दिसली तर ती कुंभारमाशी, निरुपद्रवी, राहू द्या. पोळं नारळाएवढं किंवा त्याहून मोठं असेल तर काहीच करू नका. लांबून, झूम करून एक फोटो काढा आणि मला पाठवा. आणि फोटो काढताना ब्रूनोला आत कोंडायला विसरू नका.